धातूचे आणि अस्थीचे सख्य



ज्या शस्त्रवैद्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरसाल भरते, त्यांनी आपली सारी हयात मोडलेली हाडे सांधण्यात आणि झिजलेले सांधे पुन्हा चालते करण्यात घालविली. आणि त्यांच्या हातगुणाने बरी झालेली कित्येक माणसे आज या सभागृहात स्वतःच्या पायांनी चालत आली असतील, हे ध्यानी घेता विषय हुडकायला मला दूर जावे लागले नाही. कोणाच्या मांडीत रॉड आहे, कोणाचा खुबा बदललेला आहे, कोणाचे दोन्ही गुडघे नवे आहेत, अशी माणसे आज घरोघरी आढळतात. परंतु तो धातूचा तुकडा देहात जाऊन बसला म्हणजे पुढे काय घडते, हाड त्याचा स्वीकार कोणत्या अटींवर करते, आणि त्या स्वीकाराला साहाय्य व्हावे म्हणून धातूवर हाडातल्यासारख्याच खनिजाचा लेप देण्याची जी विद्या गेल्या चाळीस वर्षांत रूढ झाली तिचे मर्म काय, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. मी स्वतः वैद्य नाही. धातुशास्त्राचा विद्यार्थी आहे. तेव्हा रोग्याच्या बाजूने बोलण्याचा अधिकार वैद्यांकडे ठेवून, धातूच्या बाजूने दोन शब्द बोलावे असा माझा मानस आहे.

ऋग्वेदात विश्पलेची कथा आहे. संग्रामात तिचा पाय तुटला, आणि अश्विनीकुमारांनी तिला धातूची जंघा बसवून पुन्हा चालती केली. मनुष्याची आकांक्षा तीत स्पष्ट उमटली आहे. परंतु शस्त्रक्रियेचा प्रत्यक्ष व्यवहार मात्र शतकानुशतके याच्या उलट दिशेने चालत आला. देहात शिरलेली परकी वस्तू हुडकून बाहेर काढणे हेच शस्त्रवैद्याचे आद्य कर्तव्य मानले गेले, आणि सुश्रुतसंहितेत त्या विधीला स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत. देहाचा धर्मही तसाच आहे. परकी वस्तू बाहेर ढकलता आली तर तो ती ढकलतो. ते न साधल्यास तिच्याभोवती तंतुमय पेशीजालाचे वेष्टण विणून तिला जन्मभर नजरकैदेत ठेवतो. कातडीखाली राहिलेल्या छऱ्याच्या बाबतीत हा बंदोबस्त पुरेसा होतो. परंतु ज्या दांड्यावर पावलोपावली देहाचा संपूर्ण भार यायचा, त्याच्याभोवती असे मऊ वेष्टण तयार झाले तर दांडा प्रत्येक पावलाला किंचित हलतो, हलल्याने वेष्टण जाड होते, वेष्टण जाड झाल्याने तो अधिक हलतो, आणि अखेर रोगी मांडीवर हात दाबून पुन्हा दवाखान्याच्या दारात उभा राहतो. कृत्रिम सांध्याच्या इतिहासातील निम्मे दुःख या सैल होण्याचे आहे.

अस्थीचे स्वरूप

ज्याच्याशी सख्य जोडायचे त्याचा स्वभाव आधी ओळखला पाहिजे. हाड हा निर्जीव खांब नव्हे. त्याच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खनिज असून उरलेला भाग कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे आणि पाणी यांचा आहे. धाग्यांमुळे त्याला लवचीकपणा येतो, खनिजामुळे काठिण्य. हे खनिज ॲपेटाइट जातीचे आहे, असे १९२६ साली द योंग या डच शास्त्रज्ञाने क्षकिरणांच्या साहाय्याने दाखवून दिले. शुद्ध रूपात त्याला हायड्रॉक्सीॲपेटाइट म्हणतात. त्यात कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या अणूंचे प्रमाण १.६७ पडते. परंतु हाडातील खनिज इतके शुद्ध नसते. त्यात कार्बोनेट, सोडियम, मॅग्नेशियम अशी सरमिसळ असते आणि त्याचे स्फटिक अवघे काही नॅनोमीटर जाडीचे असतात. या अशुद्धीमुळे व सूक्ष्मतेमुळेच ते सहज विरघळते आणि सहज पुन्हा जमते. अस्थिभक्षक पेशी जुने हाड खातात, अस्थिजनक पेशी नवे रचतात, आणि हा व्यवहार इतका अखंड चालतो की प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे एक-दशांश भाग दरसाल नवा होतो.

दुसरी गोष्ट अशी की हाड भारावर जगते. जेथे भार पडतो तेथे ते दाट होते, जेथे पडत नाही तेथे विरळ होत जाते. टायटॅनियमची मिश्रधातू हाडाच्या कठीण कवचापेक्षा पाच-सहा पटींनी ताठर असते. म्हणून मांडीच्या हाडात बसविलेला दांडा भार स्वतःकडे ओढून घेतो आणि भोवतालचे हाड बिनकामाचे होऊन क्षीण होऊ लागते. तात्पर्य, धातू हाडाला चिकटला एवढ्याने भागत नाही. भार कोठून कोठे उतरतो याचाही हिशेब ठेवावा लागतो.

तीन मार्ग

धातू हाडात पक्का कसा बसवावा, या प्रश्नाला गेल्या शतकात तीन उत्तरे मिळाली. पहिले जॉन चार्न्ली यांचे. इंग्लंडात लँकेशायरमधील रायटिंग्टन येथील इस्पितळात त्यांनी खुब्याचा कृत्रिम सांधा सिद्ध केला. धातूचा लहान गोळा, त्याला प्लास्टिकची वाटी, आणि दोन्ही हाडात पक्के बसविण्यासाठी ॲक्रिलिकचे सिमेंट, अशी त्याची रचना १९६२ च्या अखेरीस स्थिर झाली. हे सिमेंट चिकटविण्याचे द्रव्य नव्हे. ते हाडाच्या छिद्रांत शिरून घट्ट होते आणि दांड्याला भोवतालून आवळून धरते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर लवकरच रोगी पाय टेकू शकतो, आणि त्या सोयीने असंख्य वृद्धांचे उत्तरायुष्य सुखाचे केले आहे.

दुसरे उत्तर स्वीडनचे. पेर-इंग्वार ब्रोनमार्क यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची सूक्ष्मदर्शी नळी बसविली होती. प्रयोग संपल्यावर ती काढू गेले तो ती निघेना, हाडाने तिला आपलेसे केले होते. टायटॅनियमवर क्षणार्धात जमणाऱ्या काही नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडच्या थरामुळे हाडाची त्याच्याशी तक्रार राहत नाही. याच निरीक्षणातून १९६५ साली गोथेनबर्ग येथे पहिल्या रोग्याच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसविली गेली, आणि आजची दंतरोपणाची विद्या तेथून वाढली.

तिसरे उत्तर आपल्या विषयाचे. टायटॅनियमला हाड विरोध करीत नाही, हे खरे. परंतु विरोध न करणे वेगळे आणि होऊन जवळ येणे वेगळे. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातील लॅरी हेंच यांनी १९६९ साली सिलिका, सोडा, चुना आणि फॉस्फेट यांची एक काच तयार केली. उंदराच्या मांडीच्या हाडात बसविलेले तिचे तुकडे सहा आठवड्यांनी जोर लावूनही सुटले नाहीत, कारण काचेच्या पृष्ठावर देहातील द्रवांनी ॲपेटाइटचा थर चढविला होता आणि हाड त्या थराशी एकजीव झाले होते. मग तो थर आधीच तयार करून का देऊ नये, असा विचार साहजिकच पुढे आला. १९७० च्या दशकात अमेरिकेत जार्को, जपानात आओकी आणि नेदरलंड्समध्ये क्लास द ग्रोट यांनी हायड्रॉक्सीॲपेटाइट कारखान्यात घडविण्याच्या रीती बसविल्या. परंतु त्याचा ठोकळा ठिसूळ. चालत्या माणसाचा भार त्याला पेलवत नाही. धातूला बळ आहे पण आपलेपणा नाही, खनिजाला आपलेपणा आहे पण बळ नाही. तेव्हा एकाचे अंग आणि दुसऱ्याचे आवरण, अशी जोड घालण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९८५-८६ च्या सुमारास लंडनमध्ये रोनल्ड फर्लाँग, नेदरलंड्समध्ये रुडॉल्फ गीसिंक आणि फ्रान्समध्ये कोराय नावाचा दांडा सिद्ध करणारे शल्यविशारद यांनी लेप दिलेले खुबे माणसांत बसविण्यास आरंभ केला.

लेप कसा देतात

ही क्रिया ज्याने प्रत्यक्ष पाहिली त्याच्या मनावरून ती सहसा पुसली जात नाही. प्रथम दांड्यावर कुरुंदाच्या बारीक कणांचा मारा करतात, तेव्हा त्याची चकचकीत पाठ टाकी लावलेल्या पाट्यासारखी खरखरीत होते; लेपाने धरायचे ते याच खरखरीतपणाला. मग बंदिस्त दालनात दांडा स्वतःभोवती फिरत राहतो आणि समोरच्या नळीतून विद्युत्-ठिणगीने पेटलेल्या आर्गॉन वायूची निळसर-पांढरी शलाका बाहेर पडते. तिचे उष्णतामान दहा हजार अंशांच्या वर असते; काळ्या काचेवाचून तिच्याकडे पाहवत नाही आणि तिच्या आवाजापुढे शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. त्या शलाकेत हायड्रॉक्सीॲपेटाइटची भुकटी सोडतात. कणांची पाठ तेवढी वितळते, आणि ते प्रचंड वेगाने धातूवर आदळून चपटे होऊन क्षणार्धात थिजतात. एकावर एक असे थर चढत सुमारे पन्नास ते दीडशे मायक्रॉन जाडीचा, खडूसारखा पांढरा, हाताला किंचित रेताड लागणारा लेप तयार होतो. एवढ्या आगीतूनही धातू फारसा तापत नाही, कारण तो सतत फिरता असतो आणि शलाका त्याच्या कोणत्याच भागावर रेंगाळत नाही.

यातली खरी कसोटी समतोल राखण्याची आहे. कण कमी वितळले तर लेप धरत नाही. अधिक वितळले तर खनिजाची घडण मोडते आणि थिजताना स्फटिक न होता काचेसारखे अस्ताव्यस्त द्रव्य उरते, जे देहात फार लवकर विरघळून जाते. लेप पातळ पडला तर हाड जमण्यापूर्वीच संपतो. जाड झाला तर स्वतःच्या ठिसूळपणाने तडकतो. म्हणून आंतरराष्ट्रीय प्रमाणात या लेपाला दंडक घालून दिले आहेत: धातूवरील पकड दर चौरस मिलिमीटरला किमान १५ न्यूटन असावी, स्फटिकरूप भाग निदान ४५ टक्के असावा, आणि शिसे, पारा, आर्सेनिक यांसारखी द्रव्ये ठरीव मर्यादेबाहेर नसावीत. अलीकडे इतर रीतीही पुढे आल्या आहेत. क्योटोचे तादाशी कोकुबो यांनी रक्तातील क्षारांच्या प्रमाणाबरहुकूम द्रावण तयार केले आणि त्यात बुडविलेल्या धातूवर ॲपेटाइट आपोआप जमू देण्याचा मार्ग दाखविला. त्यात आगीचा संबंध नसल्याने लेप हाडातील खनिजाच्या अधिक जवळचा होतो. तथापि सांध्यांच्या व्यवसायात अद्याप मुख्य चलन आहे ते त्या प्रखर शलाकेचेच.

देहात काय घडते

शल्यविशारद मांडीच्या हाडाची पोकळी दातेरी कानशीने, ज्या हत्याराला ऑपरेशन थिएटरात ब्रोच म्हणतात त्याने, घाव घालून घालून कोरतो. ब्रोच नीट बसला की हातोड्याचा बद्द आवाज बदलून एकदम टणटणीत होतो, आणि जाणता हात तेथे थांबतो. मग लेप दिलेला दांडा त्या जागेत घट्ट ठोकून बसविला जातो. पहिल्या काही क्षणांतच रक्तातील प्रथिने लेपावर जमतात. पुढे लेपातील थोडे खनिज विरघळून भोवतालच्या द्रवात कॅल्शियम व फॉस्फेट वाढते, आणि तेच पुन्हा सूक्ष्म स्फटिकांच्या रूपाने लेपावर परत बसते, या खेपेला मात्र देहाच्याच प्रथिनांना सोबत घेऊन. अशा भूमीवर अस्थिजनक पेशी येऊन ठाकतात. साध्या धातूभोवती बहुधा जुन्या हाडाकडून धातूकडे असे एकाच दिशेने नवे हाड सरकते. येथे ते धातूच्या बाजूनेही उगवते, आणि दोन्हीकडून आलेले हाड मध्ये भेटते. त्यामुळे दांडा व हाड यांच्यात एखादा मिलिमीटर फट राहिली असली तरी ती भरून निघते.

या विषयातील सर्वांत मोलाचे प्रयोग डेन्मार्कमधील आऱ्हूस येथे शेल सोबाले यांनी कुत्र्यांवर केले. प्रत्येक पावलाला रोपण सुमारे १५० मायक्रॉन हलेल अशी योजना त्यांनी केली. इतकी हालचाल असली की साध्या टायटॅनियमभोवती तंतूंचे वेष्टण तयार होते आणि ते तसेच राहते. लेप दिलेल्या रोपणाभोवतीही आरंभी वेष्टणच आले. परंतु सोळा आठवड्यांनी पाहता, हालचाल चालू असतानाच, त्या वेष्टणाच्या जागी हाड आलेले होते. नजरकैदेचा हुकूम देहाने स्वतःच मागे घेतला होता.

अशा रोपणाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला म्हणजे एका बाजूला धातूची काळीशार कड दिसते, दुसऱ्या बाजूला रंग घेतलेले हाड त्याच्या पेशींच्या बारीक कोनाड्यांसह दिसते, आणि दोहोंमध्ये लेपाची करडी रेघ असते. काही वर्षांनंतरच्या छेदात ही रेघ जागोजाग तुटलेली आढळते. अस्थिभक्षक पेशींनी जसे जुने हाड खावे तसा लेपही खाल्लेला असतो, आणि तेथे हाड थेट धातूच्या खरखरीत पाठीला जाऊन भिडलेले असते. लेप नाहीसा झाला म्हणजे दांडा निराधार होईल, ही भीती प्रारंभीच्या काळात पुष्कळांनी बोलून दाखविली. अनुभव असा आला की खालची पाठ नीट घडविलेली असेल तर लेपाचे जाणे हा दोष ठरत नाही. लेप हा मध्यस्थ आहे. दोन पक्षांची गाठ घालून द्यावी आणि त्यांचा व्यवहार परस्पर सुरू झाला की आपण बाजूला व्हावे, एवढेच त्याचे काम.

मर्यादा

परंतु मध्यस्थाच्या गुणांनी मूळ पक्षाचे दोष झाकत नाहीत, हा धडा या विद्येने मोठी किंमत मोजून घेतला. लेपाच्या यशाने हुरळून जाऊन काही उत्पादकांनी बाहेरून गुळगुळीत असलेल्या धातूच्या वाट्यांना तो दिला आणि त्या खुब्याच्या खोबणीत नुसत्या दाबून बसविल्या. आरंभी निकाल उत्तम दिसले. पुढे लेप झिजत गेला. हाडाने धरावे असे खाली काहीच नसल्याने वाट्या सैल झाल्या, आणि सुटलेले कठीण कण सांध्याच्या प्लास्टिकमध्ये शिरून त्याची झीज वाढवू लागले. रसायन हे यांत्रिक स्थैर्याच्या मदतीस येते. त्याची जागा ते घेऊ शकत नाही.

आणखी एक धडा निदानाचा आहे. १९८० च्या दशकात सांधे सैल होण्याचे सारे खापर सिमेंटवर फोडण्यात आले, आणि सिमेंटचा रोग असे त्याचे नावही रूढ झाले. बिनसिमेंटच्या सांध्यांकडे शल्यविशारद वळले ते बव्हंशी या आरोपामुळे. पुढे सिद्ध झाले की हाड कुरतडणाऱ्या दाहाचे मुख्य कारण वाटीच्या प्लास्टिकमधून झिजून सुटणारे सूक्ष्म कण हे होते, आणि ते सिमेंट नसलेल्या सांध्यातही तितकेच उपद्रवी ठरतात. आरोपी चुकीचा धरला असतानाही त्या निमित्ताने लेपाची विद्या वाढली, ही इष्टापत्ती खरी. पण चौकशीविना दिलेला फैसला शास्त्रात किती दूरवर चालू शकतो, याचा हा दाखला आहे.

दफ्तराचे महत्त्व

मग सत्य कळले कशाने? ते कळले नोंदींनी. स्वीडनने गुडघ्याच्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ साली आणि खुब्याची १९७९ साली सुरू केली. कोणत्या रोग्यात कोणता सांधा कोणी बसविला, तो किती वर्षे टिकला, आणि काढावा लागला तर कोणत्या कारणाने, एवढा तपशील शिरस्त्याने लिहीत जाणे, याहून त्या नोंदवहीत गूढ असे काही नाही. परंतु त्या निरस वाटणाऱ्या दफ्तरातून जी माहिती निघाली ती प्रयोगशाळेत मिळाली नसती. तेथील आठ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. लेप दिलेल्या वाट्या सैल होऊन बदलाव्या लागण्याचा धोका अधिक आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढच्याच वर्षी बिनसिमेंटच्या एका दांड्याच्या ४,७७२ शस्त्रक्रियांची छाननी झाली. त्यात लेप असणे व नसणे यांनी दांड्याच्या टिकाऊपणात फरक पडलेला दिसला नाही. दुसरीकडे नॉर्वेच्या नोंदवहीत कोरायसारख्या संपूर्ण लेपाच्या दांड्यांचे निकाल उत्कृष्ट आढळले. या तिन्ही नोंदी एकत्र वाचल्या म्हणजे माझे मत असे बनते की लेप हा सरसकट लावण्याचा गुण नव्हे. योग्य घडणीच्या दांड्यावर तो हितकारक किंवा निदान निरुपद्रवी आहे. गुळगुळीत वाटीवर तो फसवा आहे. आणि ठिसूळ हाडांच्या वयोवृद्ध रोग्यात चार्न्ली यांचे जुने सिमेंट आजही त्याच्या बरोबरीने उभे राहते. ज्या लेपाने हाडाला आमंत्रण दिले त्याची योग्यता अखेर वीस-तीस वर्षांच्या कालाने ठरते, आणि कालाची साक्ष कोणीतरी लिहून ठेवली तरच उपयोगी पडते.

आपल्या देशात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. पाश्चात्त्य देशांत खुबा बदलण्याचे मुख्य कारण वार्धक्यातील झीज हे असते. आपल्याकडे मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो कुजल्यामुळे पस्तिशी-चाळिशीच्या तरुणांचेही खुबे मोठ्या संख्येने बदलावे लागतात. अशा रोग्यांत बहुधा बिनसिमेंटचा सांधा बसतो, आणि त्याने पुढची तीस-चाळीस वर्षे चालावे अशी अपेक्षा असते. त्यांची जीवनरीतीही निराळी: मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, शेतात ओणव्याने काम करणे. युरोपातल्या दफ्तरातील आकडे यांना जसेच्या तसे कसे लागू पडतील? सरकारने २०१७ च्या ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींना मर्यादा घातली, आणि २०१८ च्या आरंभापासून वैद्यकीय उपकरणांचे नवे नियम अमलात आले. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. खुबा व गुडघा शल्यविशारदांच्या संघटनेने नोंदवहीही चालविली आहे, परंतु तीत नोंद करणे हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. मर्जीवर चालणाऱ्या नोंदवहीत यश आनंदाने लिहिले जाते आणि अपयश पुढच्या दवाखान्यात जाते.

म्हणून या व्यासपीठावरून माझ्या तीन विनवण्या आहेत. सरकारला विनंती अशी की रोपणाची नोंद सक्तीची करावी आणि तिच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र खाते व पुरेसा पैसा द्यावा. शल्यविशारदांना विनंती अशी की आपल्या हातून बसलेल्या प्रत्येक सांध्याची, विशेषतः जो काढावा लागला त्याची, हकीकत निःसंकोचपणे लिहून ठेवावी; त्यात कमीपणा नाही, पुढच्या रोग्यावर उपकार आहेत. आणि श्रोतेहो, आपणांस विनंती अशी की आपल्या किंवा आपल्या घरच्या माणसाच्या देहात सांधा, रॉड किंवा पट्टी बसली, तर रोपणाच्या पेटीतून निघालेली, नाव, माप व क्रमांक छापलेली चिकटपट्टी आपल्या डिस्चार्ज कार्डावर लावली आहे की नाही ते पाहून घ्यावे, लावली नसेल तर मागून घ्यावी, आणि तो कागद घराच्या खरेदीखताइतकाच जपून ठेवावा.